गोव्यात गरी टाकण्यापूर्वी: गोड्या पाण्यातील हौशी मासेमारीच्या परवानग्या क्रमाने

गोड्या पाण्यात हौसेने मासे धरू इच्छिणारा माणूस बहुधा मत्स्योद्योग खात्यात जाऊन "मासेमारीचा परवाना हवा आहे" एवढेच सांगतो, आणि चुकांची मालिका तिथूनच सुरू होते. वाहन चालवण्याचा परवाना एकदा काढला की तो कोणत्याही रस्त्यावर चालतो. गरीचे तसे नाही. येथे परवानगी आधी पाण्याशी बांधलेली असते, मग साधनाशी, मग होडीशी, आणि माणसाचा विचार त्यानंतर येतो. त्यामुळे नदीच्या एका वळणावर जे वैध आहे तेच, त्याच गरीने आणि त्याच दिवशी, पुढच्या वळणावर गुन्हा ठरू शकते.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पहिल्या दोन टप्प्यांची उत्तरे हाती नसताना अर्ज केला, तर तो चुकीच्या खात्यात जातो. आणि चुकीच्या खात्यात गेलेला अर्ज सहसा नाकारलाही जात नाही, तो नुसता पडून राहतो.

## टप्पा १: जागा कागदावर निश्चित करणे

"साळावलीला जाणार आहोत" किंवा "खांडेपार नदीवर बसणार आहोत" हे जागेचे वर्णन नव्हे. अर्जात आणि चौकशीत उपयोगी पडेल असे वर्णन म्हणजे तालुका, गाव, काठाचा सर्व्हे क्रमांक आणि नकाशावर खूण केलेला नेमका बिंदू. मोबाईलवरील नकाशात बोट ठेवून त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत आणि सर्व्हे आराखड्यावर तीच जागा शोधावी.

सर्व्हे क्रमांक मिळाल्यावर त्या जमिनीचा एक-चौदा उतारा (जमिनीवरील हक्कांच्या नोंदींचा सरकारी कागद) काढावा. त्यातील कब्जेदाराचे नाव, कुळाचे नाव आणि "इतर हक्क" हा रकाना, अशा तिन्ही नोंदी वाचणे आवश्यक आहे. बहुतेक जण कब्जेदाराचे नाव पाहून थांबतात. कब्जेदार म्हणून कोमुनिदादचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचे) नाव असते, प्रत्यक्ष जमीन कुळाकडे असते, आणि तळ्यातील माशांचा हक्क त्या वर्षापुरता तिसऱ्याच माणसाने घेतलेला असतो, असे गोव्याच्या खाजन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींच्या) भागात सर्रास आढळते.

काठ आणि पाणी यांचा विचार वेगवेगळा करावा. आपण जिथे उभे राहणार ती जमीन एकाची आणि गरी जिथे पडणार ते पाणी दुसऱ्याच्या ताब्यातले, ही परिस्थिती नदीकाठी नेहमीची आहे. नदी सार्वजनिक असली तरी तिच्याकडे नेणारी बागायत सार्वजनिक होत नाही. कुळागरातून वाट काढत नदीपर्यंत जाणाऱ्याला मालकाची संमती लागते. ती नसेल तर भारतीय न्याय संहितेतील अतिक्रमणाचे कलम ३२९ त्याच्यावर लावले जाऊ शकते, मग नदीत त्याने गरी टाकली असो वा नसो.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एका कागदावर दोन ओळी लिहिता आल्या पाहिजेत: "मी या सर्व्हे क्रमांकाच्या जमिनीवर उभा राहणार" आणि "माझी गरी या पाण्यात पडणार". दुसरी ओळ अजून अर्धवट असेल तर हरकत नाही, ती पुढील टप्प्यात पूर्ण होते.

## टप्पा २: पाणी कोणाच्या ताब्यात आहे हे ठरवणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ या कायद्याने "खासगी पाणी" या संज्ञेची जी व्याख्या केली आहे ती सर्वसामान्य समजुतीपेक्षा बरीच व्यापक आहे. एखाद्याच्या अनन्य मालकीचे पाणी तर खासगी असतेच, पण ज्या पाण्यात त्या काळापुरता मासे धरण्याचा अनन्य हक्क एखाद्याकडे आहे, मग तो मालक म्हणून असो, पट्टेदार म्हणून असो वा अन्य नात्याने, ते पाणीही खासगीच ठरते. इतर लोकांना तिथे रूढीने मासे धरता येतात एवढ्याच कारणाने त्याचा खासगीपणा जात नाही, असेही तेथे स्पष्टीकरण आहे. म्हणजे सरकारी तळेसुद्धा पट्ट्याने दिले असेल तर हौशी माणसापुरते ते परक्याचे पाणी आहे, आणि "आमचे आजोबा इथेच गरी टाकायचे" हे उत्तर त्यापुढे टिकत नाही.

आता गोव्यातील पाण्याचे प्रकार एकेक करून पाहावेत. क्रम मुद्दाम असा लावला आहे की ज्या ठिकाणी चूक सर्वांत महाग पडते ते पाणी आधी यावे.

### अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यान

गोव्यात भगवान महावीर, बोंडला, खोतीगाव, म्हादई, नेत्रावळी आणि चोडण येथील डॉ. सलीम अली ही सहा अभयारण्ये व मोले हे राष्ट्रीय उद्यान आहे. यांच्या हद्दीतील ओहोळ, कोंड, धबधब्याखालचे डोह आणि चोडणच्या खारफुटीतील पाट हे सर्व पाणी वन खात्याच्या अखत्यारीत येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशाचा परवाना अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार अशा ठरावीक कारणांसाठीच दिला जातो. त्या यादीत मासे धरणे नाही. कलम २९ मुख्य वन्यजीव वॉर्डनच्या परवान्याशिवाय अभयारण्यातील वन्यजीवांची हानी करण्यास किंवा ते बाहेर नेण्यास मनाई करते, आणि या कायद्याच्या व्याख्येत प्राणी म्हणजे मासेसुद्धा येतात.

येथे दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, मोले किंवा खोतीगावच्या फाटकावर काढलेले प्रवेशाचे तिकीट म्हणजे सर्व परवानगी असे समजणे. दुसरी, "आम्ही मासा धरून परत सोडतो" हा युक्तिवाद. गरीला लागलेला मासा सोडून दिला तरी तो धरलेला असतो, आणि सोडून देण्याच्या हेतूला कायद्याने वेगळी सवलत दिलेली नाही.

इशारा: १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या साध्या उल्लंघनासाठीही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गरी, होडी आणि ज्या वाहनातून आलात ते वाहनही जप्त होऊ शकते. हद्द नेमकी कुठून जाते याविषयी तिळमात्र शंका असेल तर त्या परिक्षेत्राच्या वन कार्यालयात नकाशा दाखवून खात्री करावी. रस्त्यावरची पाटी ही हद्द नसते, ती फक्त रस्त्यावरची पाटी असते.

### धरणे आणि जलाशय

साळावली, अंजुणे, चापोली, आमठाणे आणि पंचवाडी हे जलाशय जलस्रोत खात्याच्या ताब्यात आहेत. येथे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे तीन ठिकाणी शोधावी लागतात. धरणाच्या आणि काठाच्या परिसरात प्रवेश आहे का, हे जलस्रोत खाते सांगते. मासे धरण्याचा हक्क पट्ट्याने कोणाला दिला आहे का, जलाशयात मत्स्यबीज सोडले आहे का किंवा पिंजऱ्यातील मत्स्यपालन सुरू आहे का, हे मत्स्योद्योग खाते सांगते. आणि काठाचा जो भाग निवडला आहे तो वनक्षेत्रात मोडतो का, हे वन खाते सांगते. साळावलीच्या वरच्या अंगाला नेत्रावळी अभयारण्य आणि अंजुणेच्या परिसरात म्हादई अभयारण्य असल्यामुळे तिसरा प्रश्न या दोन ठिकाणी कधीही वगळू नये.

सांडव्याजवळ, पाणी सोडण्याच्या दरवाजांजवळ आणि पाणीपुरवठ्याच्या उपसा केंद्राजवळ परवानगी मागण्याचाही विचार करू नये. दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्रातील पाणी किती झपाट्याने चढते याचा अंदाज काठावर बसलेल्याला येत नाही.

### खाजन, मानस आणि कोमुनिदादची तळी

मानशीच्या (खाजनाच्या बांधातील पाण्याच्या दरवाजाच्या) तोंडाशी आणि तिच्या आतल्या डोहात मासे भरपूर दिसतात, त्यामुळे नवख्या माणसाची पावले आपोआप तिकडे वळतात. पण मानशीवरील मासेमारीचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो. शेतकऱ्यांच्या कूळ संघटनेने लिलाव पुकारलेला असतो, बोली जिंकणाऱ्याने पैसे भरलेले असतात आणि त्यातूनच बांधाच्या डागडुजीचा खर्च निघतो. अशा ठिकाणी गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याने विकत घेतलेला माल उचलणे, आणि बंदिस्त पाण्यातील मासे हा चोरीचा विषय होऊ शकतो हे न्यायालयांनी जुन्या काळापासून मान्य केलेले आहे.

येथील योग्य क्रम असा: आधी कूळ संघटनेच्या अध्यक्षांना किंवा कोमुनिदादच्या एस्क्रिव्हांवला (कारकुनाला) भेटून यंदाची पावणी कोणाच्या नावावर आहे ते विचारावे; मग त्या पावणीदाराची संमती घ्यावी; आणि ती संमती दिनांक, जागा व साधन नमूद करून लेखी घ्यावी. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे आधी पावणीदाराला आणि मग संघटनेला विचारल्यास, संघटनेला आपल्याला डावलल्यासारखे वाटते आणि मिळालेली संमतीही अडून राहते. पावणीची मुदत संपली की संमतीही संपते. गतवर्षीचा कागद यंदा दाखवू नये.

करमळीसारख्या मोठ्या तळ्यांवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि कुडचडे येथील नंदा तळे २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पाणथळ जागा म्हणून अधिसूचित झालेल्या तळ्यांना पाणथळ जागा नियम, २०१७ लागू होतात. त्यामुळे अशा तळ्यांबाबत कोमुनिदादच्या संमतीबरोबरच त्या जागेच्या अधिसूचनेतील निर्बंधही वाचावेत.

### देवस्थानाच्या तळ्या

येथे परवानगीचा प्रश्नच उपस्थित करू नये. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीसारख्या ठिकाणचे मासे देवाचे मानले जातात, आणि महाजनांकडे (देवस्थानाच्या हक्कदारांकडे) याबाबत विचारणा करणेही अनेकांना आवडत नाही.

### खाणींचे सोडलेले खंदक

डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील खाणींच्या खंदकांत साचलेले पाणी दिसायला निवांत तळ्यासारखे असते. ते खाण पट्ट्यातील पाणी आहे, काठ ढासळता आहे आणि खोली पहिल्या पावलापासूनच सुरू होते. संमती मिळाली तरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

### खुली नदी

वरीलपैकी कोणत्याही प्रकारात न बसणारे नदीचे पात्र शेवटी उरते. येथे मत्स्योद्योग खात्याचे नियम लागू होतात. मात्र "गोडे पाणी" ही हद्द चवीवरून ठरवू नये. मांडवीत भरती-ओहोटीचा परिणाम थेट गांजे गावापर्यंत जाणवतो, उन्हाळ्यात खारेपणा वर सरकतो आणि पावसाळ्यात पार खाली ढकलला जातो. अर्जात "गोड्या पाण्यातील" असे ढोबळ शब्द लिहिण्याऐवजी नदीचे नाव, गाव आणि जवळचा पूल किंवा फेरीचा धक्का लिहावा. कोणते नियम लावायचे ते खाते त्यावरून ठरवू शकते.

तपासणी: पहिल्या टप्प्यात अर्धवट राहिलेली दुसरी ओळ आता पूर्ण झाली पाहिजे: "माझी गरी अमुक खात्याच्या, संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या ताब्यातील पाण्यात पडणार". रायबंदरच्या कॉजवेवर संध्याकाळी दहा जण गरी घेऊन उभे असतात म्हणून तिथे मनाई नाही, असे अनुमान या रकान्यात लिहिता येत नाही.

## टप्पा ३: साधनाचा वर्ग ठरवणे

हातात धरलेली गरी, फेकायचा पाग, पाण्यात उभे लावलेले जाळे आणि खुंटाला बांधून ठेवलेला पिंजरा ही कायद्याच्या दृष्टीने चार वेगळी साधने आहेत. १८९७ च्या कायद्याचे कलम ६ राज्य सरकारला जाळ्यांचा प्रकार, त्यांची मापे, स्थिर साधने आणि बांध घालणे यांविषयी नियम करण्याचा अधिकार देते, आणि त्याच अधिकारात केलेले गोवा, दमण व दीव मत्स्य नियम, १९८१ आपल्याकडे आहेत. जाळे लावायचे असेल तर हौस असो वा धंदा, नोंदणी व परवान्याची चौकशी खात्यात केल्याशिवाय ते पाण्यात उतरवू नये. पाग लहान असतो, घरोघरी असतो, म्हणून तो "जाळे" नव्हे असे मानण्याची पद्धत आहे. तिला आधार नाही.

गरीवाल्यांची खास चूक वेगळीच आहे. संध्याकाळी पाच-सहा दोऱ्या काठावरच्या बांबूंना बांधून ठेवायच्या आणि सकाळी येऊन पाहायच्या, ही सवय अनेक गावांत आहे. कायद्यातील स्थिर साधनाच्या व्याख्येत जाळे, पिंजरा, सापळा यांच्याबरोबर मासे धरण्याची "अन्य कोणतीही युक्ती" जमिनीत रोवलेली किंवा अन्य प्रकारे स्थिर केलेली असेल तर तीही येते. बांधून ठेवलेली गरी या शब्दांच्या फार जवळ जाते. हौशी माणसाने हातातील एक गरी आणि स्वतःची उपस्थिती एवढ्यावर थांबावे, म्हणजे हा वादच उद्भवत नाही.

इशारा: सुरुंगाची दारू वापरून मासे मारणे कलम ४ प्रमाणे आणि पाण्यात विष कालवणे कलम ५ प्रमाणे गुन्हा आहे. विषात ब्लीचिंग पावडर, कीटकनाशके आणि रानातील झाडांची सालही आली. बॅटरीचा विद्युतप्रवाह पाण्यात सोडणाऱ्यांच्या शेजारी नुसते उभे राहणेही टाळावे.

## टप्पा ४: आमिष आणि मासा

मरळ बेडकावर झडप घालते हे गरीवाल्यांना ठाऊक असते, म्हणून पहिल्या पावसात बेबे (बैलबेडूक) पकडून गरीला लावले जातात. ही चूक थांबलीच पाहिजे. भारतीय बैलबेडूक वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे, आणि त्याला पकडणे म्हणजे शिकार. खाण्यासाठी असो वा आमिषासाठी. मासे धरण्याची परवानगी खिशात असतानाही हा गुन्हा स्वतंत्रपणे घडतो. गांडूळ, पिठाचा गोळा, कोळंबीचा तुकडा किंवा रबरी कृत्रिम आमिष वापरावे.

पाठीच्या कवचाखाली झडपा असलेले गोड्या पाण्यातील कासव कधीकधी गरीला लागते. ते अनुसूची १ मधील प्राणी आहे. गळ काढण्यासाठी लांब चोचीची पकड जवळ ठेवावी, गळ खोल गेला असेल तर दोरी तोंडाजवळ कापावी आणि कासव लगेच पाण्यात सोडावे. छायाचित्रासाठी त्याला हातात धरून ठेवू नये. ते छायाचित्र पुढे पुरावा म्हणून समोर येते.

माशांपैकी कटला, रोहू, मृगळ दिसले तर ते तळे किंवा जलाशय कोणीतरी बीज सोडून राखलेले असण्याची शक्यता धरावी आणि दुसऱ्या टप्प्याची उत्तरे पुन्हा तपासावीत. तिलापिया हाती लागला तर तो जिवंत अवस्थेत दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नये. तो तिथल्या स्थानिक माशांना हुसकावून लावतो.

चढणीच्या माशांविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी व्हाळांतून आणि शेतांतून वर चढतात, आणि रात्री बत्त्या घेऊन ते धरायला गावच्या गाव बाहेर पडते. शेत खासगी असते, व्हाळ अरुंद असतो आणि पोटात अंडी असलेला मासा हाती लागतो. १८९७ च्या कायद्याच्या कलम ६ खालील नियमांनी एखाद्या ठरावीक पाण्यातील सर्व मासेमारी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवता येते, त्यामुळे या मोसमात अधिसूचना पाहिल्याशिवाय जाऊ नये. माझा सल्ला त्याहून साधा आहे: हौशी गरीवाल्याने हे पंधरा दिवस घरी बसावे.

१ जून ते ३१ जुलै ही समुद्रातील बंदी यांत्रिक मासेमारी नौकांसाठी असते. ती नदीकाठच्या गरीला लागू होते असे समजणारे आहेत, आणि "बंदी समुद्रात आहे, म्हणजे नदी मोकळी" असे समजणारेही आहेत. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. नदीचा निर्णय नदीच्या नियमांवरूनच करावा.

## टप्पा ५: लेखी विचारणा आणि अर्ज

आता कुठे अर्ज लिहिण्याची वेळ येते. तोंडी विचारणेचा उपयोग एवढाच की कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा ते कळते. खिडकीवरील कर्मचाऱ्याने "गरीला काही लागत नाही" असे सांगितले, तरी तो शब्द नदीकाठी उभ्या असलेल्या दुसऱ्या खात्याच्या रक्षकाला बांधील नसतो.

अर्जात पुढील गोष्टी याच क्रमाने असाव्यात: अर्जदाराचे नाव व पत्ता, जागा (तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक, नदीचे किंवा तळ्याचे नाव, सोबत नकाशा), दिनांक किंवा कालावधी, साधन (उदाहरणार्थ, "हातात धरायची एक गरी, जाळे नाही"), होडीचा वापर आहे की नाही, मासे विकणार नसल्याचे स्पष्ट विधान, आणि शेवटी नेमका प्रश्न. नेमका प्रश्न साधारण असा लिहावा:

"वरील ठिकाणी, वरील साधनाने, विक्रीचा हेतू नसताना मासे धरण्यासाठी आपल्या खात्याचा परवाना आवश्यक आहे काय; असल्यास त्याचा नमुना, शुल्क व मुदत कळवावी; तसेच या पाण्यातील मासेमारीचा हक्क पट्ट्याने अथवा लिलावाने कोणास दिलेला असल्यास ते कळवावे."

हा एक परिच्छेद अनेकांची महिनोन्महिन्यांची पायपीट वाचवू शकतो, कारण त्याला "होय" किंवा "नाही" असे उत्तर देता येते. "मासेमारीसाठी परवानगी मिळावी ही विनंती" या वाक्याला तसे उत्तर देता येत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

उत्तर आले नाही तर माहिती हक्क कायदा, २००५ चा मार्ग आहे. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. येथेही प्रश्नाची मांडणी चुकते. माहिती अधिकाऱ्याला मत विचारता येत नाही, त्याच्याकडील कागद मागता येतो. म्हणून "मी तिथे मासे धरू शकतो का?" असे न विचारता "अमुक जलाशयातील मासेमारीच्या चालू पट्ट्याची प्रत" किंवा "अंतर्देशीय मासेमारीच्या परवान्यासंबंधी सध्या लागू असलेले नियम, दुरुस्त्या व शुल्कपत्रक यांच्या प्रती" अशी मागणी करावी.

नियमांत बदल झाला असेल तर तो राजपत्राच्या पहिल्या मालिकेत येतो, आणि राजपत्र सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर वाचता येते. व्हॉट्सअपवर फिरणारी नियमांची यादी वाचून गरी उचलणाऱ्याने निदान ती कोणत्या वर्षाची आहे एवढे तरी पाहावे.

तपासणी: मिळालेल्या कागदावर आपले नाव, जागा, साधन, सुरुवातीचा व शेवटचा दिनांक आणि देणाऱ्याचे पदनाम व सही आहे का? यांपैकी साधनाचा उल्लेख राहून जाण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. तो नसेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागावी.

## टप्पा ६: होडी आणि सोबतचे लोक

काठावरून गरी टाकणाऱ्याने हा टप्पा सोडून द्यावा. इंजिनाच्या होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो आणि गोव्यात त्याबाबतचे काम बंदर कप्तान खाते पाहते. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग आहेत (अनुक्रमे ६८, १११ आणि २७). तेथे बार्जची ये-जा असते, त्यामुळे प्रवाहाच्या मध्यभागी नांगर टाकून बसणे धोक्याचे आणि आक्षेपार्ह दोन्ही ठरते. ओळखीच्या मच्छीमाराची नोंदणीकृत होडी घेतली म्हणजे सर्व झाले असेही नाही: ती होडी मासेमारीसाठी नोंदलेली असते, प्रवाशांसाठी नव्हे.

पैसे घेऊन पाहुण्यांना गरीच्या सहलीला नेणाऱ्याची गणना हौशी माणसांत होत नाही. त्याने पर्यटन खात्यातील नोंदणी आणि होडीचा प्रवासी परवाना यांची सोय आधी करावी.

## टप्पा ७: राज्याची हद्द

उत्तर गोव्यातील गरीवाले तिळारीला जातात, आणि गोव्यातील कागद खिशात घालून जातात. मत्स्यव्यवसाय हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील विषय आहे (नोंद २१), त्यामुळे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात उपयोगी नाही. धरण प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त असला तरी जलाशय दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिली जाते. तिथे विचारणा मत्स्यव्यवसाय विभागाच्या सिंधुदुर्ग जिल्हा कार्यालयाकडे आणि संबंधित संस्थेकडे करावी. दोडामार्गचा काही वनप्रदेश २०२० पासून तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, हेही ध्यानात असावे. चोर्ला किंवा अनमोड घाट ओलांडून कर्नाटकात जाणाऱ्यांनी हेच सर्व टप्पे तेथील खात्यांकडे नव्याने पार पाडावेत.

## टप्पा ८: जाण्याच्या दिवशी

सोबत न्यायचे कागद मोजकेच आहेत: मूळ परवाना किंवा लेखी उत्तर, काठाच्या मालकाची अथवा पावणीदाराची संमती, खूण केलेला नकाशा आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र. ओळखपत्राचे महत्त्व बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १८९७ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, आपल्या देखत गुन्हा करणाऱ्याचे नाव-पत्ता ठाऊक नसेल आणि तो ते सांगण्यास नकार देत असेल किंवा सांगितलेल्या नाव-पत्त्याविषयी शंका घेण्यास कारण असेल, तर पोलीस अधिकारी त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. जिथे एरवी विषय नोटीस आणि दंडावर मिटला असता, तिथे केवळ हुज्जत घातल्यामुळे पोलीस ठाण्यात रात्र काढावी लागू शकते.

निघण्याच्या आदल्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा एखादा मनाई आदेश लागू आहे का ते पाहावे. पावसाळ्यात धबधबे, नद्या आणि खाणींचे खंदक येथे पाण्यात उतरण्यावर असे आदेश निघतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेश एका वेळी दोन महिन्यांपर्यंत चालतो आणि पुन्हा नवा काढता येतो, म्हणून गेल्या महिन्यात आदेश नव्हता याला काही अर्थ नाही.

इशारा: कुंभारजुवे कालव्यात आणि मांडवी-जुवारीच्या खारफुटीच्या पट्ट्यांत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला वाकून मासा साफ करू नये, आतडी तिथेच टाकू नयेत, धरलेले मासे पिशवीत घालून पाण्यात बुडवून ठेवू नयेत आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून गरी टाकू नये.

रक्षकाने किंवा गावकऱ्याने हटकले तर आधी गरी पाण्याबाहेर काढावी आणि मग बोलावे. कागद शांतपणे दाखवावा. समोरचा माणूस वेगळ्या खात्याचा असेल तर त्याचे पदनाम विचारून, त्याच्या खात्याची परवानगी आपल्याकडे नसल्यास तसे सरळ मान्य करून जागा सोडावी. गावकऱ्याने आक्षेप घेतला आणि आपला कागद पक्का असला, तरी त्या दिवशी उठून जावे आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या सचिवाकडे जाऊन, ज्या संस्थेने संमती दिली तिच्या प्रतिनिधीसह विषय मिटवावा. जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागावी, त्यात साधनांची संख्या आणि वर्णन बरोबर आहे का ते वाचावे, आणि न वाचता सही करू नये.

घरी परतल्यावर परवान्याच्या शेवटच्या दिनांकाच्या एक महिना आधीची खूण दिनदर्शिकेत करावी. नूतनीकरणाच्या अर्जात मागील परवान्याचा क्रमांक आणि आवक शिक्क्याची प्रत जोडावी. आणि मध्यंतरी पावणी बदलली असेल, किंवा तळ्याचा पट्टा नव्याने दिला गेला असेल, तर नूतनीकरण न मागता दुसऱ्या टप्प्यापासून नवा अर्ज करावा.